‘अॅडव्हेंचर आयलंड’बद्दल आज बोलायचंच आहे

चतुर्थीला आम्ही सगळे फोंड्याच्या घरी जमलो होतो. आरत्या झाल्या, जेवणं झाली आणि भाच्याने मोबाईलवर ‘अॅडव्हेंचर आयलंड’ हा आमच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम लावला. मला कोण आनंद झाला! संध्याकाळच्या चहाच्या आत त्याने तो संपवला आणि म्हणाला, "मामा, ह्याच्यासाठी तुम्ही सगळ्यांनी अख्ख्या सुट्ट्या घालवल्या? काही विशेष नाही रे ह्यात." त्याने रिवाइंड वापरलं होतं. मेला की पाच सेकंद मागे, परत उडी. तेव्हा मी गप्प बसलो. पण पाहुणे गेले, गणपतीवर बांधलेली फळा-पानांची माटोळी उतरवली, तरी ते वाक्य काही मनातून जाईना.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९८६ साली जपानच्या हडसन सॉफ्टने हा गेम काढला. मुळात तो त्याच वर्षीच्या ‘वंडर बॉय’ या आर्केड गेमचा, म्हणजे नाणं टाकून मशीनवर खेळायच्या गेमचा, अवतार. ते नाव आणि तो नायक सेगा या कंपनीकडे होता, म्हणून हडसनने नायकाच्या जागी आपलाच माणूस उभा केला: ताकाहाशी मेइजिन, सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी जपानभर गाजलेला. बाहेरच्या देशांत तोच मास्टर हिगिन्स झाला. पांढरी टोपी, कमरेला पानांचा घागरा. आमच्याकडे कोणालाच त्याचं नाव माहीत नव्हतं. बाबांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या टीव्ही-गेमच्या ‘इतके गेम इन वन’ कॅसेटमध्ये तो होता, एवढंच.

आता मुद्दा. हा गेम अवघड का आहे? शत्रूचा एक स्पर्श झाला की खेळ खलास. मग ती साधी गोगलगाय का असेना. आणि वर भुकेची पट्टी. ती सतत कमी होत राहते. केळी, अननस खात पुढे जायचं, नाहीतर उपाशी मरायचं. म्हणजे घाई केलीत तर वाटेतल्या शेकोटीत पाय, आणि थांबलात तर भूक. ह्या दोन्हींच्या मधोमध जी चाल सापडते ना, तोच हा गेम! स्केटबोर्ड मिळाला की एक धक्का माफ होतो, पण मग थांबताच येत नाही. देतानासुद्धा काहीतरी काढून घेतो हा. वाटेतल्या अंड्यांतून वस्तू निघतात, पण वांगं निघालं तर पट्टी भराभर उतरते. आगशीची वांगी मला जीव की प्राण, पण त्या वांग्याला बघून आजही पोटात गोळा येतो.

लोक म्हणतात, जुने गेम खेळाडूवर अन्याय करायचे. ह्या गेमबद्दल मला ते अजिबात पटत नाही. दगड जिथे काल होता तिथेच आज आहे. बेडूक, साप, वटवाघूळ आपापल्या जागा सोडत नाहीत. तुम्ही मेलात तर त्या जागेबद्दल काहीतरी नवं कळून मेलात. ८ भाग, प्रत्येकी ४ फेऱ्या, अशा ३२ फेऱ्या पाढ्यांसारख्या पाठ होत जातात. बोटांना पाठ होतात, डोक्याला नव्हे. माझ्या मामेभावाला दुसऱ्या भागातल्या उड्यांचा ताल तोंडाने म्हणता यायचा, आणि डिचोलीला त्याच्या घरी आम्ही तो ताल ऐकत ऐकतच खेळायचो. भर पावसात लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सेव्ह वगैरे भानगडच नव्हती. तरी कोणी रडलं नाही हो. लाईट यायची वाट बघत पुढची फेरी तोंडी खेळायचो.

दोष एक आहे, आणि तो मी लपवणार नाही. मेलात की शत्रूंवर फेकायची कुऱ्हाड जाते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथेच रिकाम्या हाताने उभे. शेवटच्या भागांत ह्याला शिक्षेवर शिक्षा म्हणायचं, दुसरं काही नाही. १९९१ च्या दुसऱ्या ‘अॅडव्हेंचर आयलंड’मध्ये वस्तू साठवून ठेवायची सोय आली, बसायला डायनासोर आले, बनवणाऱ्यांनाही ते कळलं असावं. आणखी एक सल आहे. सगळे जीव संपल्यावर गेम तिथूनच पुढे चालू ठेवायचा तर पहिल्याच फेरीतल्या लपलेल्या अंड्यातली मधमाशी मिळवावी लागते. आमच्या कॅसेटबरोबर साधी पुस्तिकाही नव्हती. कित्येक वर्षं आम्ही त्या मधमाशीच्या जवळून धावत गेलो. हे कळलं तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

रिवाइंड वापरणाऱ्यांवर माझा राग नाही. कोणाची बोटं दुखतात, कोणाला दिवसाकाठी अर्धा तास मिळतो. खुशाल वापरा. पण तसं खेळून गेमला ‘काही विशेष नाही’ म्हणू नका. भूक लागायच्या आत मागे जाता येत असेल, तर त्या केळ्याला किंमत काय राहिली?

परवा भाच्याचा फोन आला. मी सांगितलं होतं म्हणून रिवाइंड बंद करून बसला होता. तिसऱ्या भागापर्यंतसुद्धा पोचला नव्हता. आवाज चढलेला. "मामा, तो दगड दिसतो तेव्हा उडी मारायची की त्याच्या आधीच?"

मी म्हटलं, "आधी. शेकोटी गेली की मनात दोन मोज आणि मग मार."

फोन चालूच ठेवून तो मोजायला लागला.