गुरगुरणाऱ्या कुत्र्याची मान दाबू नका

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सारखा पुढे पाठवला जातो: ‘घरात मालक कोण, हे कुत्र्याला कळलं पाहिजे. गुरगुरला की उलटा पाडा आणि मान दाबून धरा. खाऊ देऊन शिकवलात तर लाचावतो, खाऊ नसला की ऐकत नाही. देशी कुत्रा तर मारल्याशिवाय शिकतच नाही. घरात शू केली तर तिथेच नाक घासा.’ घराला नियम हवेत एवढंच यातलं खरं. बाकीचं चुकीचं आहे, आणि मान दाबण्याचा भाग तर थेट धोक्याचा.

‘मालकी दाखवा’ ही कल्पना लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांमधल्या वर्चस्वाच्या झुंजींबद्दल लिहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वदूर गेली. पुढे १९९९मध्ये खुद्द मेक यांनीच ती खोडली: जंगलातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे.

आता मान दाबण्याबद्दल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्या मालकांपैकी ४३ टक्क्यांना कुत्र्याकडून आक्रमक प्रतिक्रिया मिळाली. उलटं पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना. कारण उघड आहे. कुत्रा बहुतेक वेळा भीतीपोटी गुरगुरतो. त्याआधी तो ओठ चाटतो, तोंड फिरवतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. हे कुणी पाहिलं नाही की गुरगुरतो, म्हणजे चावण्याआधीची सूचना देतो. सूचनेवर मार मिळाला तर तो सूचना देणं सोडतो, भीती तशीच राहते. ‘काही न करता अचानक चावला’ अशा तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. म्हणून गुरगुरला की मागे सरा, पाहुण्याला लांब न्या, आणि नेमकं कशावर गुरगुरला ते लिहून ठेवा. एरवी शांत असलेला कुत्रा एकदम चिडका झाला असेल तर आधी कान, दात, सांधे तपासून घ्या. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पाहुण्यांवर धावून जाणाऱ्या कुत्र्यासाठी काम असं चालतं. सुरुवात फ्लॅटच्या हॉलमध्ये नको, जागा पुरत नाही; गेटबाहेर किंवा मोकळ्या गल्लीत करा. छातीचा पट्टा, पाच-सहा फुटांची दोरी. अनोळखी माणूस इतका लांब उभा करा की कुत्रा त्याला पाहील, पण खाऊ घेईल आणि हाक मारली तर वळेल. माणूस दिसला की एका सेकंदात ‘शाब्बास’ आणि उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. माणूस दिसतोय तोवर तुकडे चालू, आड गेला की बंद. तीन ते पाच मिनिटं, मग सुट्टी. माणूस दिसताच कुत्रा आपणहून तुमच्याकडे वळू लागला की अंतर एक-दोन पावलांनी कमी करा. खाऊ घेणं बंद झालं किंवा झडप घालून बोट ओरबाडू लागला, तर तुम्ही फार जवळ आला आहात.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, खाऊ आधी काढतात आणि माणूस नंतर येतो. मग खाऊची पिशवीच कुत्र्याला संकटाची खूण वाटू लागते. दुसरी जास्त वाईट: पाहुण्याला सांगतात, ‘तुम्हीच हाताने द्या.’ भुकेपोटी कुत्रा जवळ जातो, तुकडा संपतो, आणि आपण परक्याला खेटून उभे आहोत हे त्याला तेव्हा कळतं. चावा तिथे बसतो. खाऊ घरच्यांनीच द्यावा. पाहुण्याने कुत्र्याकडे टक लावून पाहू नये, वाकू नये.

लाचेचा आक्षेप खाऊ दाखवून काम करून घेणाऱ्यांना लागू पडतो. हातात तुकडा धरून बसायला शिकवलंत, तर पाच-सहा वेळांनंतर हात रिकामा ठेवा, खूण तीच. बसल्यावर तुकडा फळीवरच्या डब्यातून आणा. पुढे कधी खाऊ, कधी चेंडू, कधी दार उघडणं. भीतीवरच्या कामात मात्र तुकडे कमी करू नका. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि तेवढं जेवण कमी. पोह्यांतला कांदा आणि मनुका अजिबात नको, दोन्ही कुत्र्याला विषारी.

देशी कुत्र्याचा मेंदू वेगळ्या नियमाने शिकत नाही. तो आवाजाला आणि परक्याला जास्त सावध असू शकतो, म्हणून अंतर जास्त ठेवा. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, तर नेऊच नका.

नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं, मग ते सोफ्यामागे जातं. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर बाहेर न्या आणि शू संपताच तिथेच खाऊ द्या. घरात परतून दिलेला खाऊ घरात येण्याचं बक्षीस ठरतो.

कुत्रा आधी कुणाला चावला असेल तर हे सारं जाळीदार तोंडबंद घालून करा, ज्यात त्याला तोंड उघडून धापता येईल, पाणी पिता येईल. तोंडबंदाची सवयही आत पनीर ठेवून लावा, काही दिवस नुसतं नाक घालू देऊन, मगच पट्टा लावायचा.