संप अजून मिटलेला नाही, आणि आमचं बरं चाललंय

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो आजतागायत कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. गंमत करत नाहीये, खरंच. अडीच लाखांच्या आसपास कामगार, साठच्या वर गिरण्या, डॉक्टर दत्ता सामंत नेते, आणि शेवटाची तारीखच नाही. काही लोक हळूहळू कामावर परत गेले, काही गावाला गेले ते तिकडचेच झाले, काही गिरण्या उघडल्या आणि पुन्हा बंद पडल्या, 1997 च्या जानेवारीत पवईला डॉक्टरांचा खून झाला, पण 'चला, संप संपला' असं सांगायला कुणी स्टेजवर उभं राहिलं नाही. त्यामुळे टेक्निकली बघायला गेलं तर आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वय त्र्याहत्तर, लूम खातं, म्हणजे कापड विणायचं खातं, अजून संपावर आहेत.

हे आत्ता का लिहितेय तर आमच्या ऑफिसात मध्ये एक माइंडफुलनेसचं सेशन झालं. लोअर परळला काचेची बिल्डिंग, फुल एसी, आणि पायाखाली जुनी गिरणीची जमीन, आता त्या भागात दुसरं असणार तरी काय. बाई छान बोलत होत्या, आवाज एकदम मऊ. भूतकाळ दाराबाहेर ठेवून या म्हणाल्या, भविष्य अजून आलेलं नाही, तुमचा आहे तो फक्त हा श्वास. मी डोळे मिटून श्वास घेत होते आणि डोक्यात चाललेलं की अहो बाई, आपण ज्याच्यावर मांडी घालून बसलोय तो अख्खा कोणाचा तरी भूतकाळच आहे, तो दाराबाहेर म्हणजे नक्की कुठे ठेवू, लॉबीत?

टिंगल करायची नाहीये हां. दहा मिनिटं गप्प बसून मला बरं वाटलं, त्या दिवशी संध्याकाळी मी घरी कुणावर ओरडले पण नाही. पण 'आजमध्ये जगा' हे जे सगळीकडे चालू आहे, फॉरवर्डमध्ये, रील्समध्ये, टी-शर्टवर, ते ऐकताना मला नेहमी वाटतं की हे सांगणाऱ्याला बदली कामगार माहीत नसावा.

बदली म्हणजे काय ते नवीन लोकांसाठी सांगते. गिरणीत परमनंट नसलेला माणूस. पाळीच्या आधी जाऊन गेटवर उभं राहायचं, परमनंटवाला कुणी आजारी पडला, गावाला गेला, दांडी मारली तर तुला काम, नाहीतर डबा घेऊन घरी. उद्या परत तेच. अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं होती, अण्णांनी पण सुरुवातीला काढलीयत. आता मला सांगा, ह्याच्यापेक्षा जास्त 'आजमध्ये' कोण जगत होतं? उद्याचं काहीच हातात नाही, कालची हजेरी आज कामाची नाही, निव्वळ वर्तमान. आणि तो माणूस काय मागत होता, तर मला परमनंट करा. संपाच्या मागण्यांमध्ये पगारवाढ होती, बोनस होता, तशी बदलीवाल्यांना परमनंट करा ही पण होती. म्हणजे अडीच लाख माणसं जी बाहेर पडली ती एका अर्थाने 'उद्या' मिळावा म्हणून बाहेर पडली. ज्याला उद्याची थोडीतरी खात्री असते त्याला आज निवांत बसता येतं, नुसता श्वास मोजून ते होत नाही, माझं तरी हे ठाम मत आहे.

मग दुसऱ्या बाजूचं पण सांगते, कारण ह्या सगळ्याला नुसती परिस्थितीच जबाबदार आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही. आमच्या चाळीत एकाच संपातून निघालेली घरं आहेत आणि प्रत्येकाचं वेगळं झालं. एक काका होते, नाव नको, ते दर संध्याकाळी गॅलरीत बसून तोच विषय. 'त्र्याऐंशीला परत गेलो असतो तर.' परत गेलेल्यांचं काय झालं हे सगळ्यांना माहितीये, त्यांच्याही गिरण्या नंतर बंदच पडल्या, पण काकांच्या डोक्यातली गिरणी चालूच होती, त्यात ते जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, झाले होते, मुलगा इंजिनियर झाला होता. खरा मुलगा बाजूला बसून अभ्यास करायचा, बरा हुशार होता, त्याच्याकडे ह्यांचं लक्षच नाही.

आणि एक घर उलट्या टोकाचं. 2012 ला म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली लॉटरी काढली, 6,925 घरं, आणि अर्ज करणारे लाखाच्या वर. तेव्हापासून त्या घरात सगळ्याला एकच उत्तर, घर लागलं की. छत गळतंय? आता काय खर्च करायचा, घर लागलं की जायचंच आहे. कपाट मोडलंय? घर लागलं की नवीन घेऊ. पोराचं लग्न? घर लागलं की. घर काय अजून लागलेलं नाही. पोराने शेवटी स्वतःच रजिस्टर लग्न केलं आणि दिव्याला भाड्याने राहायला गेला, छताला अजून निळी ताडपत्री आहे.

हे दोन्ही प्रकार बघितले की वाटतं भूतकाळ आणि भविष्य दोघंही पाहुण्यांसारखे आहेत, आले तर चहा द्यायचा, गप्पा मारायच्या, पण मुक्कामाला ठेवलं तर घरच्यांना झोपायला जागा उरत नाही, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तर नाहीच नाही.

आमच्याकडे हे कुणी शिकवलं तर आईने. आता आईला माइंडफुलनेस म्हणजे काय विचारलं तर ती मला वेडी म्हणेल. ती खानावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा घराघरात खानावळी होत्या, गावावरून एकटे आलेले कामगार गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत एकत्र राहायचे आणि जेवायला अशा बायकांकडे. पगार झाला की पैसे, तोपर्यंत वाण्याकडे उधारी आणि उधारीवर व्याज. त्यातून सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्या बायकांना बँकेतून कर्ज मिळवून दिलं, ही आमच्या भागातली खूप मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल म्हणावं तेवढं बोललं जात नाही. असो.

तर संप सुरू झाला आणि आईचे जेवणारे एकेक करून गावाला निघून गेले. काहींची दोन-दोन महिन्यांची बाकी राहिली. आईकडे एक लांबट लाल वही होती, तिच्यात प्रत्येकाचं पान. ती वही अजून आहे, मी बघितलीय. काही पानांवर आडवी रेघ आहे, म्हणजे फिटलं. काही पानांवर रेघ नाही. पण त्या न फिटलेल्या पानांवर रक्कम लिहून खाली नवीन हिशोब सुरू केलाय, पापड लाटायचा, किलोमागे किती, आज किती किलो. कागद वाया का घालवायचा म्हणून. वर कुणाची तरी तेव्हाची थकलेली बाकी, खाली त्या दिवसाचे पापड. मी एकदा विचारलं की तू ह्यांच्याकडे नंतर मागितले नाहीस का गं? तर म्हणे, 'मागितले की. जे भेटले त्यांच्याकडे मागितले. एकाने पंधरा वर्षांनी आणून दिले, पाया पडला. नाही भेटले ते नाही भेटले.' मग सोडून दिलेस? 'सोडले कुठे, लिहिलेत ना.'

ह्यात मला सगळं आलं असं वाटतं. आपल्याकडे एक पद्धत आहे, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायचं. मला ते पटत नाही. कोणाचं झालं आणि कोणाचं गेलं ते बघायला नको का? ज्याचं काही गेलेलं नसतं त्याला गंगा फार लवकर आठवते. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते, एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 ला नियम असा बदलला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, म्हणजे जिच्यावर बांधकाम उभं होतं ती वाटणीतूनच बाहेर, आणि 2006 ला सुप्रीम कोर्टाने पण तो बदल मान्य केला. हे गंगेला मिळालेलं नाही, टॉवर होऊन समोर उभं आहे, करी रोडच्या ब्रिजवरून स्पष्ट दिसतं. तेव्हा भूतकाळाशी समेट म्हणजे विसरून जाणं, किंवा सगळ्यांना माफ करून टाकणं, असं असेल तर आमच्या घरात समेट झालेला नाही आणि व्हायची गरजही नाही. अण्णांनी कुणालाही माफ केलेलं नाही. मालकांना नाही, सरकारला नाही, आणि खासगीत विचारलं तर पुढाऱ्यांना पण नाही. तरी माणूस रात्री दहाला आडवा होतो आणि सकाळपर्यंत घोरतो.

अण्णांची एक पिशवी आहे. त्यात ईएसआयचं कार्ड, पीएफच्या स्लिपा, गेट पास, एक पगाराची पावती जी घडीवर फाटलीय आणि मागून सेलोटेप लावलाय, आणि सगळ्याच्या झेरॉक्स. म्हाडाने कागद मागितले, पिशवी काढायची, वांद्र्याला जायचं, लाईन लावायची, काम झालं की पिशवी परत पोटमाळ्यावर. मध्ये कधी ती काढून बघत बसलेले मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांना एकदा एका टीव्हीवाल्या मुलाने विचारलं की काका, तुमचं आयुष्य संपामुळे वाया गेलं असं वाटतं का? अण्णांना कमी ऐकू येतं, लूमच्या आवाजाने त्या खात्यातल्या बहुतेकांचे कान गेलेत, म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे बघतात. त्यांनी पोराच्या ओठांकडे बघितलं, प्रश्न नीट समजून घेतला आणि मोठ्याने म्हणाले, 'वाया कसं जाईल? मी हाय ना इथं.' तो बाइट काही लागला नाही.

आणि लोकांना वाटतं की ही माणसं मॉलमध्ये गेली की रडतात. मी अण्णांना घेऊन गेलेय, शर्ट घ्यायला. रडले वगैरे काही नाही. एसी मस्त आहे म्हणाले. मग एकेक शर्ट घेऊन उलटा करायचे, कापड दोन बोटांत धरून चोळायचे, उजेडाकडे धरून उभा-आडवा धागा बघायचे. सेल्समन पोरगा साइज विचारतोय आणि ह्यांचं आपलं चाललंय, 'हा बघ, इथे धागा तुटलाय, जोडलाय बघ इथे.' आधी तो कंटाळला, मग वाकून बघायला लागला, मग त्याने दुसऱ्याला हाक मारली. किंमत बघून अण्णांनी शर्ट परत ठेवला आणि आम्ही दादरला फुटपाथवर घेतला. आता हे भूतकाळात रमणं आहे की वर्तमानात असणं? मला खरंच ठरवता येत नाही. चाळीस वर्षं झाली लूमला हात लावून, बोटांना सगळं आत्ताचं आहे.

माझं स्वतःचं म्हणाल तर आमची पिढी मागे कमी आणि पुढे जास्त अडकलीय. डोंबिवलीचा वन बीएचके, वीस वर्षांचा हप्ता, एसआयपी, पोरीचं अकरावीचं अ‍ॅडमिशन, अप्रेझल, आणि आता एआय येऊन आपलं काम खाणार का ही नवीन भर. सकाळच्या फास्टमध्ये एका पायावर उभी असताना पण मी दोन हजार छत्तीस सालात असते. मग मी सरळ आईची नक्कल करते. फोनमध्ये नोट्स आहेत, तिथे काळजी लिहून टाकायची आणि खाली त्या दिवशी त्यातलं जे होण्यासारखं आहे तेवढं. पोरीचं कॉलेज ही काळजी, आज फक्त डोमिसाईलचा फॉर्म. तेवढा भरला की त्या दिवसापुरता विषय बंद. काळजी जाते का, तर नाही जात, पण डाळ-भात खाताना चव तरी लागते.

मधल्या काळात सरकारने शेलू-वांगणीला घरं देतो म्हणून सांगितलं. कर्जत लाईनवर, बदलापूरच्याही पुढे. कामगारांचं म्हणणं असं की आमची गिरणी मुंबईत होती, जमीन मुंबईत आहे, घर मुंबईत द्या. त्यावरून जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर मोठं आंदोलन झालं आणि अण्णा गेले होते. भर पावसाचे दिवस, गुडघे दुखतात, घरात सगळ्यांचा विरोध. भावाचं म्हणणं, ह्या वयात कशाला जुनं उगाळत बसायचं. मी म्हटलं जाऊ दे, कारण मला ते जुनं उगाळणं वाटतच नाही. हक्काचं मागणं हे आजचंच काम आहे, जसं लाईट बिल भरणं. शिवाय तिथे त्यांची 'पोरं' भेटतात. पोरं म्हणजे सत्तरीच्या पुढची सगळी, कुणी साताऱ्याहून एसटीने आलेला, कुणी काठी टेकत, आणि वारलेल्यांच्या जागी त्यांच्या बायका. सगळे एकमेकांशी ओरडून बोलतात कारण ऐकू कोणालाच येत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं, 'काय झालं अण्णा, काही ठरलं का?' म्हणाले, 'आश्वासन दिलान.' मग विचारलं, समजा खरंच वांगणीलाच लागलं तर जाणार का तुम्ही? 'लागू दे तर आधी. मग बघू. तुझी आई काय तयार व्हायची नाय, तिला इथली मासळी लागते.' आईने आतून विचारलं की सीएसटीला वडापाव खाल्लात का, तेल लागलंय शर्टाला. हे म्हणाले नाही. मग त्यावरून अर्धा तास भांडण, कारण तळलेलं त्यांना बंद केलंय, आणि मी माझी गाडी पकडायला निघाले.