हातघाई

1/72 प्रमाणातलं स्पिटफायर या लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल तळहातावर मावतं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर. एवढंसं रंगवायला कितीसा वेळ लागणार, असं घरच्यांनी विचारलं की मी ऐकू न आल्यासारखं करतो. रंग लावायला तासभर पुरतो. रंग न लावता गप्प बसायला आठवडा लागतो, आणि ब्रशने मॉडेल रंगवण्यातलं सगळं कसब त्या गप्प बसण्यातच आहे.

सुरुवात होते भांडी घासण्यापासून. प्लास्टिक साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकट अंश भागांवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात त्यावरून, तोडायच्या आधीच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवायचे. पाणी कढत नको, पातळ पंख वाकतात. आणि सिंकच्या जाळीवर फडकं हवंच. सुटलेलं चाक तिथून जे जातं ते थेट नगरपालिकेच्या ताब्यात.

मग राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, आणि मग पंख्याचा प्रश्न. पंखा लावला तर ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, शिवाय छतावरचे तंतू ओल्या पंखावर येऊन बसतात. बंद केला तर मे महिन्यात कपाळाचा घाम कॉकपिटात ठिबकतो. मी बंद ठेवतो आणि डोक्याला पंचा बांधतो. रंगासाठी डबीत ओला स्पंज, त्यावर स्वयंपाकघरातून परस्पर आणलेला बेकिंग पेपर. त्यावर काढलेला रंग बराच वेळ ओला राहतो. कागद कुठे गेला ही चौकशी पुढच्या केकपर्यंत होत नाही.

रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ हवा. तो दाट लावण्याचा मोह होतोच, पण हिशेब करा: इथला 0.1 मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा गिलावा. पत्र्याच्या जोडांच्या रेषा त्यात कायमच्या बुजतात.

पहिला पातळ हात भयंकरच दिसतो. डागाळलेला, मधूनमधून प्रायमर डोकावणारा. नेमकं इथे माणूस घसरतो आणि ‘एवढा एकच डाग’ म्हणून अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवतो. वरची साय तेवढी वाळलेली असते, खालचा रंग ओला. साय फाटते, गोळा होते आणि ब्रशबरोबर चालू लागते. अल्कोहोलवर आधारलेलं ॲक्रिलिक तर आणखी खोडसाळ: दुसरा हात पहिल्याला विरघळवतो. हात आवरावा, थर पूर्ण सुकू द्यावा. असे तीन-चार हात, दर वेळी आधीच्याला आडवे. पंखावरचा शेवटचा हात पुढून मागे, हवेच्या दिशेने. मग राहिलेले फराटे मुद्दाम काढल्यासारखे वाटतात.

ब्रश बारीक घेतला की काम सुबक होतं, हा गोड गैरसमज. तीन शून्यांच्या ब्रशवर रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच सुकतो. पंखाला सहा-आठ मिलिमीटरचा चपटा ब्रश आणि बाकी सगळ्याला चांगल्या टोकाचा दोन नंबर पुरतो. तो पत्र्याच्या नळीपर्यंत रंगात बुडवू नये. आत वाळलेला रंग केस फाकवतो आणि महागड्या ब्रशची केरसुणी होते.

पिवळ्याबद्दल मी सभ्य भाषेत एवढंच सांगेन की तो झाकत काही नाही. पंखाच्या पुढच्या कडेची पिवळी पट्टी थेट हिरव्यावर काढली तर सहा हातांनंतरही शेवाळीच राहते. आधी खाली पांढरा द्यावा. मास्किंग टेपची कड आधी खालच्याच रंगाने बंद करावी, म्हणजे जे झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं. कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, चौकटींना आधी कॉकपिटच्या आतला रंग, त्यावर बाहेरचा. काचेतून आतली बाजू दिसते, हे अनेकांना चिकटवल्यावर आठवतं. डेकल, म्हणजे खुणाचिन्हांची पातळ चित्रं, चिकटवण्याआधी चकचकीत वॉर्निश हवं, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी कड दिसते.

आणि सुकलं का? एनॅमल रंग असेल तर हुंगा; वास येतोय तोवर नाही. मॉडेलला रंग देताना उरलेल्या स्प्रूच्या तुकड्यालाही तोच रंग, तेवढेच हात द्यावेत. बोट शिवशिवायला लागलं की त्या तुकड्याला लावायचं.