मळ्यावर सोडून यायच्या आधी

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका पार्किंगमध्ये भेटले, सोबत त्यांचा लॅब्राडोर. म्हणाले, "रविवारी याला दिंडोरीकडे मेव्हण्याच्या मळ्यावर सोडून येतोय. एकाएकी चावरा झालाय हो. परवा नातवावर गुरगुरला."

"चावला का?"

"चावला नाही, पण भरवसा काय?"

"नातू काय करत होता?"

"काही नाही, पाठीवर बसत होता. रोजच बसतो."

मग विचारलं, हा हल्ली गाडीत स्वतः उडी मारतो का? तर म्हणे छे, उचलून ठेवावा लागतो, आळशी झालाय. आणि जिना? "साहेब लिफ्टची वाट बघत बसतात," काका हसत म्हणाले.

आठ वर्षांचा लॅब आहे. उडी मारत नाही, जिना चढत नाही, पाठीवर कुणी बसलं की गुरगुरतो. अजून काय सांगायला हवंय त्याने, मराठीत अर्ज लिहून द्यायचा का? लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं किती सर्रास असतं, हे कुठलाही प्राण्यांचा डॉक्टर झोपेतसुद्धा सांगेल. त्यात आपल्या नाशिककडची थंडी. निफाडचा पारा उतरला की घराघरातल्या आज्यांचे गुडघे धरतात, त्यांना शेकायला पिशवी मिळते. हा बिचारा उघड्या फरशीवर. पण एक्स-रे काढायला वेळ नाही, दिंडोरीला जायला पेट्रोल आहे!

आमच्या चिंगीचं जुन्या मंडळींना माहिती आहे, तरी पुन्हा सांगते. चिंगी गावठी, रस्त्यावरून आणलेली, सासूबाईंची लाडकी. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की सासूबाई तिच्या डोक्यावरून, गालावरून हात फिरवणार, हा रोजचा नेम. एक दिवस हात गालाला लागला आणि चिंगीने दात विचकून हवेत चावा घेतला. जिच्या हातची भाकरी खाऊन ती वाढली, तिच्यावर! सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

लगेच शेजारपाजारचे तज्ज्ञ सुरू. बाहेरची बाधा झाली. रक्तच रस्त्यावरचं, कधीतरी गुण दाखवणारच. एका ट्रेनरने तर फोनवरच निकाल दिला, गुरगुरली की पेपरची गुंडाळी करून नाकावर हाणा. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. (त्याला माझी हरकत नव्हती. दृष्ट काढल्याने कुत्र्याचं काही बिघडत नाही. पेपरने मारल्याने बिघडतं.)

'नको, लांब हो' एवढं सांगायला कुत्र्याकडे गुरगुरण्याशिवाय दुसरं आहे काय? मारून मारून ते बंद केलंत की दुखणं तिथेच राहतं, फक्त आधी मिळणारी सूचना जाते. पुढच्या वेळी ते आवाज न करता थेट चावतं. मग तुम्हीच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणार, "विनाकारण चावला."

चिंगीच्या वागण्यात सगळं समोर दिसत होतं. माझ्या नवऱ्याने हेरलं की भाकरीचा तुकडा तिच्या तोंडातून पडतो, मग ती तो उचलते आणि मान एका अंगाला वाकडी करून चावते. चेंडू तोंडात धरणं तिने बंद केलं होतं. खात मात्र होती. आणि सगळे तिथेच फसतात. "खातोय ना नीट? मग काही झालेलं नाही." अहो, दाढ सडली तरी कुत्रं खातं. दुखणं लपवण्यात ते तरबेज असतं.

डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला आणि आम्हालाच बोलावून दाखवलं. वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ, तीन मुळांची, उभी चिरलेली आणि मुळाशी पू. या दाढेची मुळं पार डोळ्याखालपर्यंत जातात. म्हणजे सासूबाईंचा मायेचा हात रोज नेमका त्या ठणकणाऱ्या जागेवर पडत होता. दाढ कशाने चिरते? मटणाच्या नळीने. आपल्याकडे रविवारी नळी कुत्र्याला द्यायची हा लाडच असतो. देऊ नका. शिजलेल्या हाडाचे तुकडे आतड्यात टोचतात ते आणखी वेगळं.

आता जरा शांत होऊन लिहिते.

घरात लहान मूल असेल तर भीती वाटणारच, वाटलीही पाहिजे. मूल आणि कुत्रं काही दिवस वेगळं ठेवा, मध्ये दार लावा. काही कुत्री कुठलंही दुखणं नसताना चावरी असतात, हेही मान्य. डॉक्टरांचा खर्च येतो. हो, येतो. पण सात-आठ वर्षं पायात लोळलेलं जनावर महिन्याभरात बदललं, तर ते एका रात्रीत दुष्ट झालं असं तुम्हाला खरंच वाटतं?

एका बाबतीत मात्र माझा सगळा शहाणपणा बाजूला ठेवा. रेबीजची लस झालेली नसेल किंवा कधी झाली ते आठवत नसेल, आणि कुत्रं एकाएकी बदललं, लाळ गळतेय, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज फाटलाय, तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. आमच्या डॉक्टरांनीही चिंगीच्या तोंडाला हात लावण्याआधी लसीचं कार्ड मागितलं होतं. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. लक्षणं सुरू झाल्यावर या रोगातून वाचणं जवळपास अशक्य, कुत्र्यालाही आणि आपल्यालाही.

गुरगुरणारं कुत्रं निदान डोळ्यांवर येतं तरी. गप्प झालेल्याकडे कोण बघतो? उलट कौतुक होतं. "शहाणा झाला बघा आता." शहाणा कसला, गोचीड ताप असेल त्याला. कोपरा धरून बसतो, अंग गरम, हिरड्या पांढुरक्या. पावसाळ्यात आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट असतो, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघा. मादीची नसबंदी झालेली नसेल, हीट (माज) संपून काही आठवडे झाले असतील आणि ती सारखं पाणी पीत मलूल पडली असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. सकाळपर्यंत थांबायचं ते काम नाही. म्हातारं कुत्रं रात्री भिंतीकडे तोंड करून उभं राहतं, दाराच्या बिजागरीकडच्या बाजूने बाहेर जायला बघतं, अपरात्री रडतं. लगेच कुणाच्या तरी मरणाचा अपशकुन! त्याला म्हातारचळ लागलाय, किंवा डोळे गेलेत. झोपेत धक्का लागला की दचकून चावतं, कारण कोण आलं ते त्याला दिसतच नाही.

आणि आपल्या नाशिकची खास गोष्ट म्हणजे द्राक्षं. हंगामात प्रत्येकाकडे कुणीतरी पिंपळगावहून, ओझरहून पेटी आणून टाकतं. पेटी जमिनीवर, कुत्रं मोकळं, मुलं हौसेने एकेक मणी हवेत उडवून त्याला झेलायला लावतात. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला थोडीशीच भोवतात, एखादं पचवून जातं, त्यामुळे अमुक इतकी चालतात असा हिशेब नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असं आता मानतात, ते चिंचेतही असतं. काल उड्या मारणारं कुत्रं आज उलट्या करून निपचित पडलंय आणि पेटी अर्धी आहे, तर उतरेल उतरेल म्हणत बसू नका.

पुन्हा राग येतोय, कारण "मळ्यावर मजेत राहील, मोकळी हवा" हे वाक्य कानातून जात नाहीये. कसली मजा? तुमच्यासोबत पंख्याखाली झोपलेलं कुत्रं तिथे गोठ्याबाहेर साखळीला. दिंडोरी, निफाड, सिन्नर पट्ट्यात उसात बिबटे आहेत हे नाशिककरांना मी सांगायला नको. वस्तीवरचं कुत्रं बिबट्याला सगळ्यात सोपं. ज्याला गाडीत चढता येत नाही तो बिबट्यापुढे पळणार कसा? आणि ज्यांना मळेवाला मेव्हणा नसतो, ते गंगापूर धरणाच्या रस्त्याला दार उघडून खाली उतरवतात आणि काच वर करून निघतात. जनावराला असं उपाशी-तहानेलं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड किती, माहिती आहे? १० ते ५० रुपये. एवढ्यात कॉलेज रोडला मिसळ येत नाही.

चिंगीची दाढ भूल देऊन काढली. टाके, औषधं, काही दिवस मऊ भात. जखम भरली तशी ती आपणहून सासूबाईंच्या मांडीवर तोच गाल टेकवून पडायला लागली. सासूबाईंना आता नवीनच नाद लागलाय. कुणाचंही कुत्रं दिसलं की आधी विचारतात, "दात बघितले का याचे?" पमेरियनवाल्यांना विचारतात, दूध टाकायला येणाऱ्या दादांनाही विचारतात. त्यांचं त्यांनाच हसू येतं, पण विचारतातच.

आता ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी. दवाखान्यातल्या टेबलावर कुत्रं घाबरून सगळं लपवतं. घरी लंगडणारं तिथे ताठ उभं राहतं आणि तुम्ही खोटे ठरता. म्हणून घरीच मोबाइलवर व्हिडिओ काढा. चालताना बाजूने, झोपेतून उठताना, जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर आणि खाताना तोंडाजवळून. कधी गुरगुरलं, त्याआधी कुठे हात लागला, पाणी वाढलं का, शी-शू कशी आहे, हे लिहून न्या. आदळआपट किंवा फटाके झाले होते का तेही सांगा, आपल्याला ऐकूच न येणारे आवाजही त्याला ऐकू जातात. सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदताहेत, नुसत्या ड्रिलच्या आवाजानेही पलंगाखाली बसलेली कुत्री मी पाहिलीत.

आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत कृपा करून घरातली आपली अंगदुखीची गोळी गुळात घालून देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. दिलीच असेल तर कुठली, किती आणि केव्हा, ते पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा.