व्यक्तिचित्र, अभिप्राय आणि चित्रकाराचा हात : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कुस्तीच्या एका वयोवृद्ध वस्तादांचे तैलचित्र आमच्या चित्रकार मित्राने सहकाऱ्यांच्या अभिप्रायांवरून कसे सुधारत नेले, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. चार जणांच्या सूचनांनी चित्र निर्दोष होईल, पण ते चित्रकाराचे उरणार नाही, असा आपला आक्षेप आहे. कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाच्या काठी एकांतात रंगवणाऱ्या चित्रकार आबालाल रहिमानांनी कोणाचा सल्ला घेतला होता, असे आपण विचारले आहे. आणि चेहरा जमला की नाही हे सांगण्याचा अधिकार घरच्या माणसांचाच, असेही म्हटले आहे.

आबालालांच्या एकांताविषयी मलाही नितांत आदर आहे. परंतु तो एकांत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षणानंतरचा आहे, आणि कलाशाळेत विद्यार्थ्याचे काम रोज शिक्षकांच्या व सोबत्यांच्या नजरेखालून जाते. कलाशाळेत न शिकलेले कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर तर चित्रकार आनंदरावांच्या सोबतीने नाटक कंपन्यांचे पडदे रंगवतच घडले. त्या सोबतीमुळे बाबूरावांचा हात हरवला, असे कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही.

आपल्या-माझ्यातला खरा मतभेद मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. अभिप्रायात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : पाहणाऱ्याला काय खटकले, आणि त्यावर काय करावे असे त्याला वाटते. पहिली गोष्ट बहुधा खरी असते. दुसरी चित्रकाराने स्वतः ठरवायची असते. वस्तादांच्या चित्रात एका सहकाऱ्याला नाक लांब वाटले. मित्राने मोजून पाहिले, तेव्हा नाकाचा शेंडा योग्य जागी होता. डोळेच वर सरकले होते. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, पण फेट्याखाली माथा झाकला गेला की तो मध्य चुकीचा धरला जातो. सूचनेप्रमाणे नाक आखूड केले असते, तर चेहरा आणखी बिघडला असता. त्याने डोळे खाली घेतले आणि नाकाला हातही न लावता ते नाक वस्तादांचे झाले. आता ही दुरुस्ती कोणाची म्हणायची? खटकणे सहकाऱ्याचे होते, निदान आणि उपाय दोन्ही चित्रकाराचे.

कानांची गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. दुसऱ्या एकाने चित्र पाहताक्षणी विचारले, की हे मोबाइलच्या फोटोवरून केले आहे का. फोटो फार जवळून काढला, की नाक मोठे होते आणि कान मागे जाऊन लहान दिसतात. चित्रात नेमके तेच उतरले होते. ज्या माणसाचे सारे आयुष्य तालमीच्या मातीत गेले, त्याचे मोडलेले, सुजून घट्ट झालेले कान म्हणजे त्याची ओळख. ते लहान करणे म्हणजे त्याच्या आयुष्याची खूणच पुसणे होय. मित्राने वस्तादांना पुन्हा बैठकीसाठी विनंती केली आणि पुरेशा अंतरावर ईझल ठेवून कान प्रत्यक्ष पाहून रंगवले. नजर रोखलेली वाटते, हा तिसरा अभिप्राय डोळ्यांच्या पांढऱ्या भागाबद्दल होता. तो भाग पापणीच्या सावलीत असतो, म्हणून तेथे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम व्हाइट चालत नाही. राखाडी छटा मिसळताच नजर निवळली.

हे दोष चित्रकाराला एकट्याला का दिसत नाहीत, असे आपण विचाराल. तासन्‌तास तेच पाहून डोळा सरावतो. आरशात पाहणे किंवा चित्र उलटे ठेवणे उपयोगी पडते, पण त्याने तोल आणि प्रमाण कळते. नजर रोखलेली आहे की मवाळ, हे तेवढ्याने कळेलच असे नाही. अभिप्राय वेळेवर घेणेही तितकेच आवश्यक आहे. तैलरंगात उशिरा केलेला मोठा बदल धोक्याचा असतो, कारण वरचा थर काळाबरोबर पारदर्शक होत जाऊन जुनी आकृती खालून दिसू लागू शकते. म्हणून रेखांकन आणि पहिला थर या टप्प्यांवर मोकळेपणाने विचारावे, आणि शेवटी केवळ कडा व छायाप्रकाशापुरते.

आपली भीती एका बाबतीत मला पूर्णपणे मान्य आहे. १८८४ मध्ये पॅरिसच्या सलों या कलाप्रदर्शनात चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने मादाम गोत्रो यांचे व्यक्तिचित्र मांडले, तेव्हा खांद्यावरून घसरलेल्या पोशाखाच्या पट्ट्यावरून गहजब झाला आणि पुढे त्याने तो पट्टा पुन्हा रंगवून खांद्यावर चढवला. त्यात चित्रकलेचा प्रश्न नव्हता, लोकलज्जेचा होता, आणि अशा दडपणाला मी अभिप्राय मानत नाही. आमच्या मित्रानेही सगळेच ऐकले नाही. फेट्याचा भगवा फार भडक आहे, तो चेहऱ्यावरून लक्ष काढून घेतो, असे आम्ही दोघा-तिघांनी आग्रहाने सांगितले. त्याने तो तसाच ठेवला. मला आजही तो भगवा थोडा उतरवायला हवा असे वाटते, आणि तरीही तो ठेवण्याचा अधिकार त्याचाच आहे.

घरच्या माणसांविषयी आपण लिहिले आहे ते निम्मे खरे आहे. वस्तादांच्या मुलीने चित्र पाहून “बाबा असे ओठ आवळत नाहीत” म्हटले आणि ते अचूक होते. आम्हा चित्रकारांपैकी कोणालाही ते कळले नव्हते. त्याच घरातून कपाळावरच्या सुरकुत्या कमी करण्याचीही मागणी आली. मित्राने ओठ सैल केले आणि सुरकुत्या राहू दिल्या. घरच्यांशी त्याबाबत त्याची अजून बोलणी चालू आहेत.