अबीगईल गप्प बसली नव्हती

आमच्या मराठी प्रार्थनासभेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय, 'सोशिक अबीगईल: ख्रिस्ती स्त्रीसाठी सात धडे'. शेवटी हात जोडलेल्या चिन्हांची रांग आणि 'किमान दहा बहिणींना पाठवा'. सार असं: बायबलमधली अबीगईल शहाणी आणि देखणी होती. तिचा नवरा नाबाल उद्धट आणि पिणारा. पण तिने त्याला विचारल्याशिवाय काही केलं नाही, घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर नेली नाही, त्याच्याविषयी वावगा शब्द काढला नाही, तो प्यायलेला असताना तोंड मिटून राहिली, फक्त प्रार्थना केली. म्हणून देवाने दहा दिवसांत नवऱ्याला उचललं आणि तिला राणी केलं.

असले मजकूर रोज येतात, मी न वाचता पुसून टाकते. हा मात्र वास्कोतल्या माझ्या मावसबहिणीला तिच्या सासूने पाठवला. वर लिहिलं होतं, 'वाच आणि शांत राहा.' भाऊजी रात्री कुठल्या अवस्थेत घरी येतात हे त्यांच्या सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. तिने मला विचारलं, "ताई, बायबलमध्ये खरंच असं आहे?"

नाही गं बाई, नाही. १ शमुवेल, अध्याय २५ काढ. सगळा वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मजकूर लिहिणाऱ्याने एवढीही तसदी घेतली नाही, नाहीतर वाचून मुद्दाम गाळलं. मला दुसरंच खरं वाटतं, कारण गाळलेलं फार नेमकं आहे.

शहाणी आणि देखणी होती, हे वचन ३ मध्ये आहे. त्याबद्दल भांडण नाही.

'विचारल्याशिवाय काही केलं नाही.' इथे हसावं की कपाळावर हात मारावा! नाबालकडे ३,००० मेंढरं आणि १,००० शेरडं. कर्मेलला लोकर कातरायचे दिवस, म्हणजे घरात खाण्यापिण्याची चंगळ. दावीद, म्हणजे पुढे इस्राएलचा राजा झालेला तो, तेव्हा आपल्या माणसांसह रानात राहत होता आणि तिथे नाबालच्या मेंढपाळांना त्यांनी सांभाळलं होतं. त्या ओळखीवर दावीदाने दहा तरुण पाठवून थोडा शिधा मागितला. नाबालने त्यांना हिडीसफिडीस केलं, कोण हा दावीद म्हणून. दावीद तलवार बांधून ४०० माणसांसह निघाला. हे सांगायला एक गडी धावत आला तो मालकिणीकडे. मालकाशी बोलायची सोयच नाही, असं तोच म्हणतो, वचन १७.

मग या सोशिक बाईने काय केलं? २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढ्यांचं रांधलेलं मटण, पाच मापं हुरडा, खिसमिसांचे १०० घड, अंजिरांच्या २०० ढेपा. सगळं गाढवांवर लादलं, गड्यांना पुढे धाडलं, मागून स्वतः निघाली. आणि वचन १९ च्या शेवटी स्वच्छ लिहिलंय की तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. २०० भाकरी पदराखाली लपत नाहीत. गड्यामाणसांनी पाहिलंच असणार, अंगणातल्या पोरांनीसुद्धा. एकानेही जाऊन मालकाला सांगितल्याचं अध्यायात नाही. नवऱ्याने ज्याला तोंडावर नाही म्हटलं, त्यालाच नवऱ्याच्या कोठारातून गाढवं भरून अन्न. यातून 'परवानगी' कुठून काढली?

उंबऱ्याबाहेर? ती थेट डोंगराच्या वाटेवर गेली, हत्यारबंद परपुरुषांसमोर. आणि वावगा शब्द? वचन २५ काढा. दावीदाला ती म्हणते, त्या अधम नाबालकडे लक्ष देऊ नका, मूर्खपणा त्याच्या अंगातच आहे. स्वतःच्या नवऱ्याबद्दल, चारशे जणांच्या म्होरक्याला! त्यावर दावीद तिला घरी जाऊन शांत राहायला सांगत नाही. तो तिला आशीर्वाद देतो, तिच्या शहाणपणाची तारीफ करतो आणि कबूल करतो की तू आली नसतीस तर सकाळपर्यंत नाबालच्या घरात एकही पुरुष उरला नसता. म्हणजे ती सात धड्यांप्रमाणे वागली असती, तर निरोप घेऊन धावत आलेला तो बिचारा गडीही मेला असता.

प्रार्थनेचं म्हणाल तर या अध्यायात तिची एकही प्रार्थना नाही. देवाचं नाव ती घेते, पण दावीदाशी बोलताना. प्रार्थनेला माझा विरोध नाही, मीही करते. पण 'फक्त' हा शब्द लिहिणाऱ्याने पदरचा घातलाय.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नाबाल झिंगला होता तेव्हा ती गप्प राहिली, हे खरं आहे, वचन ३६. पण एक रात्र! सकाळी उतरल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं आणि ऐकून त्याचं काळीज गळालं. प्यालेल्या माणसाच्या तोंडी लागू नये, हे कळायला सात धडे लागत नाहीत. मावसबहिणीला ते केव्हाचं कळलंय.

सातवा धडा मात्र विषारी आहे. सोसत राहा, देव नवऱ्याला उचलील. नाबाल सुमारे दहा दिवसांनी मेला हे खरं, पण अबीगईलच्या सोसण्याचं हे फळ, असं तिथे एका अक्षराने लिहिलेलं नाही. आणि राणी कसली? नाबाल मेल्यावर दावीदाने तिच्याशी लग्न केलं, पण तेव्हा राजा शौल होता आणि दावीद जीव वाचवत रानोमाळ हिंडत होता. त्याने त्याच सुमारास इज्रेलच्या अहीनवामशीही लग्न केलं. पुढे सिकलागला अमालेकी लोकांनी गाव जाळून या दोघींना धरून नेलं, ते अध्याय ३० मध्ये. सुखाची हमी असली असते? आणि नवरा मरायची वाट बघ, असं सासूने सुनेला पाठवावं, तेही आपल्याच मुलाबद्दल! त्यांनी शेवटपर्यंत वाचलं नसावं.

वाट बघायची गरजही नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, आणि त्यात कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही. गोव्यात तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर संसाराची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी. शेजारच्या कॅथलिक बायकांनाही हा मजकूर गेलाय म्हणून सांगते, त्यांच्या चर्चच्या कायद्याचं, म्हणजे कॅनन कायद्याचं, कलम ११५३ बघा. जोडीदारापासून शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे.

हे ग्रुपवर टाकल्यावर एका काकांनी पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय पाठवला, स्त्रियांनो, नवऱ्याच्या अधीन असा. काका, तिथे उदाहरण अब्राहामाच्या बायकोचं, सारेचं आहे, अबीगईलचं नाही. आणि त्याच अध्यायातलं सातवं वचन नवऱ्यांना आहे: बायकोला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. ते 'किमान दहा भावांना पाठवा' म्हणून अजून माझ्या फोनवर आलेलं नाही.