एक मिनिट थांबली असती तर काय बिघडलं असतं?

काल इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर, राइडच्या पिअरवर (समुद्रात गेलेल्या धक्क्यावर) आमच्या डोळ्यांदेखत रेल्वेगाडी सुटली. पोर्ट्समथहून बोट सहा मिनिटं उशिरा लागली होती. तीस-चाळीस माणसं उतरत होती, आई माझा दंड धरून एकेक पाऊल टाकत होती, आणि दहा पावलांवर दारं लागली! मी काचेवर थाप मारली. आतल्या गणवेशवाल्याने बघितलं. नुसतं बघितलं! मागचे लाल दिवे समुद्रावरून डुगडुगत निघून गेले. आता अर्धा तास खारा वारा खात उभं राहा. बाक होता, तोही ओला.

बाबांची अख्खी नोकरी मिरजेला रेल्वेत गेली. ते एवढंच म्हणाले, "कनेक्शनची गाडी आम्ही धरून ठेवायचो रे."

त्या अर्ध्या तासात वाफेच्या गाडीची शेवटची फेरी हुकली. ती धरायची तर स्मॉलब्रुक स्टेशनला आमच्या गाडीनेच जावं लागतं, तिथे रस्ताच जात नाही, त्यामुळे टॅक्सी करायचीही सोय नाही. १८९१ सालचं 'कॅलबोर्न' इंजिन बघायचं म्हणून बाबांनी त्याचं नाव मिरजेहून निघतानाच कागदावर लिहून आणलं होतं.

आणि हे काय आजचं आहे? १९८८ मध्ये ब्रेडिंग स्टेशनचा, समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडायचा दुसरा रूळ उखडला, तेव्हापासून २०२१ पर्यंत गाड्या कधी वीस मिनिटांनी, कधी चाळीस. बोटी मात्र अर्ध्या तासाने. मेळ बसणार होता कसा? आणि खापर कुणावर, तर जुन्या डब्यांवर! राइडच्या बोगद्याचं छत इतकं ठेंगणं की साधी गाडी मावतच नाही, म्हणून लंडनच्या भुयारी रेल्वेचे १९३८ चे बुटके डबे इथे आणले. ऐंशी पार करूनही धावले बिचारे, खारं पाणी अंगावर घेत. माझी इथली पहिली नोकरी त्या डब्यांच्या जिवावर झाली. त्यांना डबडं म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

मग २०२१. जानेवारी ते नोव्हेंबर लाइन बंद, दहा महिने बसचे धक्के. २ कोटी ६० लाख पौंड ओतले, ब्रेडिंगला पुन्हा दुसरा रूळ टाकला, डबे बदलले (तेही लंडनचेच, चाळीस वर्षांचे जुने), गाड्या अर्ध्या तासाने केल्या. आता कसली अडचण आहे? बोट तुमच्या नाकासमोर लागते! मान वळवून बघायला किती पौंड लागतात?

आज सकाळी आईबाबांना विमानात बसवून आलो. तो कागद टेबलावरच राहिलाय.